वीज पडलेल्या माणसाला हात लावा, लगेच लावा

शिवारात वीज कोसळली की पहिली हाक येते, 'हात लावू नका, अंगात करंट आहे!' काही गावांत तर त्या माणसाला शेणात गळ्यापर्यंत पुरतात, 'वीज उतरावी' म्हणून. अंगात वीज साठतच नाही. सेकंदाच्या अगदी लहान अंशात ती जमिनीत निघून जाते. तुटलेल्या वीजतारेची गोष्ट वेगळी. तिथे तार अंगाला चिकटून असते आणि प्रवाह चालूच असतो. ती भीती इथे लावू नये.

जीव जातो तो हृदय आणि श्वास थांबल्याने. पुष्कळदा हृदय आपोआप पुन्हा सुरू होतं, पण श्वास बंदच राहतो आणि प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबतं. शेण कालवण्यात वाया जातात ती श्वास देण्याची हीच मिनिटं. शेणाच्या दाबाने छातीही फुलत नाही.

१०८ ला फोन करा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी तळहाताने ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर ३० दाबांनंतर नाक चिमटीत धरून तोंडाने २ श्वास द्या. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसल्या म्हणून सोडून देऊ नका, विजेच्या धक्क्यात तसं होतं. अनेक जण पडले असतील तर कण्हणाऱ्यांआधी निपचित पडलेल्यांकडे धावा.

गडगडाट चालू असेल तर आधी त्याला झाडाखालून उचलून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत न्या. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणीही शेतात परतू नये.