शेपूट लपवलं आणि हत्ती आत आला

विंडोजच्या आधीच्या डॉस या यंत्रणेच्या जमान्यात फाइलचं नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचं असे आणि टिंबानंतर तीन अक्षरांचं शेपूट. टीएक्सटी म्हणजे वाचायचा मजकूर, ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम. १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं. लांब नावं ठेवता येऊ लागली, पण ओळखीच्या प्रकारांची शेपटं पडद्यावर दिसेनाशी झाली. सामान्य माणसाला ही तांत्रिक अक्षरं कशाला दाखवायची, असा त्यामागचा विचार. ईमेलला जोडलेल्या फाइलींतून, म्हणजे अटॅचमेंटमधून, पुढे जे रामायण घडलं, त्यातला मोठा भाग या सोयीच्या पोटी जन्मला, असं माझं मत.

खुद्द अटॅचमेंटची सुरुवात अगदी निरागस होती. मार्च १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन यांनी आपल्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि गाण्याचा आवाज ईमेलला जोडून पाठवला. त्यांनी आणि नेड फ्रीड यांनी तयार केलेलं ‘माइम’ हे प्रमाण त्याच वर्षी प्रसिद्ध झालं. ईमेलला काय जोडलंय, हे पाठवणाऱ्याने सांगायचं आणि घेणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवायचा, असा एकूण मामला.

‘नुसती उघडली तर काय होतंय’ हा समज आधी वर्डच्या फाइलने मोडला. दस्तऐवजातच मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, ठेवता येत होता. १९९५ च्या ‘कन्सेप्ट’ या व्हायरसने ते दाखवून दिलं आणि मार्च १९९९ मधल्या ‘मेलिसा’ने त्याला ईमेलची जोड दिली. फाइल उघडली की आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रोग्रामच्या पत्त्यांतल्या पहिल्या ५० जणांना तीच फाइल परस्पर रवाना. तीही ओळखीच्या माणसाच्या नावाने. न्यू जर्सीतल्या डेव्हिड स्मिथला त्यासाठी २० महिन्यांची कैद झाली.

४ मे २००० रोजी मनिलातून निघालेलं ‘आय लव्ह यू’ मात्र थेट शेपटावरच खेळलं. फाइलचं पूर्ण नाव ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’. विंडोज शेवटचं ‘व्हीबीएस’ लपवायचं, त्यामुळे दिसायचं ते टीएक्सटी, म्हणजे साधं पत्र. हत्ती गेला नि शेपूट राहिलं असं आपण म्हणतो. इथे शेपूट झाकल्यावर अख्खा हत्ती आत शिरला. व्हीबीएस म्हणजे स्क्रिप्ट, आणि ती चालवणारी यंत्रणा विंडोज ९८ मध्ये आधीपासूनच हजर होती. ही स्क्रिप्ट फोटोंवर स्वतःची प्रत चढवून ते नष्ट करी, पासवर्ड चोरू पाही आणि आउटलुकच्या वहीतल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर पुढे जाई. ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली ईमेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. ही स्क्रिप्ट लिहिणारा ओनेल दि गुझमन हा संगणकाचा विद्यार्थी. आपल्याला इंटरनेट वापरायला दुसऱ्यांचे पासवर्ड हवे होते, असं त्याने वीस वर्षांनी सांगितलं. त्याच्यावर खटला उभाच राहिला नाही, कारण फिलिपिन्समध्ये तसा कायदाच नव्हता. तो पुढच्याच महिन्यात झाला. योगायोग असा, की आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यावरही त्याच जूनमध्ये राष्ट्रपतींची सही झाली. कलम ४३ मध्ये व्हायरसचा नाव घेऊन उल्लेख आहे.

त्यानंतर नाकाबंदी सुरू झाली. आउटलुकने ईएक्सई, व्हीबीएस वगैरे प्रकार अडवले. मग माल झिपमध्ये, म्हणजे फाइलींच्या गाठोड्यात, बांधून येऊ लागला. तपासणी झिपच्या आत डोकावू लागली, तेव्हा २००४ मध्ये ‘बेगल’ या व्हायरसने झिपलाच पासवर्ड घातला. तो पासवर्ड ईमेलच्या मजकुरातच लिहिलेला, आणि लोक तो वाचून, टाइप करून कुलूप उघडत! जीमेलने जावास्क्रिप्टच्या जेएस फाइली, म्हणजे आणखी एका प्रकारच्या स्क्रिप्ट, थांबवल्या त्या थेट २०१७ मध्ये. त्याआधीच, २०१६ मध्ये, ‘लॉकी’ या खंडणीखोर प्रोग्रामने वर्डचा जुना मॅक्रो पुन्हा कामाला लावला होता. वाचकाने स्वतःच मॅक्रो चालू करणारं ‘इनेबल कंटेंट’ हे बटण दाबलं की पुढचं आपोआप.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये मुळातच बंद केले. मेलिसानंतर तब्बल २३ वर्षांनी. अशा फाइलीवर विंडोज ‘बाहेरून आलेली’ असा अदृश्य शिक्का मारतं. चोरांनी मग आयएसओ फाइली, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत, धरल्या, कारण तेव्हा त्यांच्या आतल्या मालावर तो शिक्का उमटत नव्हता. ती फट बुजल्यावर २०२३ च्या सुरुवातीला वननोट या मायक्रोसॉफ्टच्या टिपणं ठेवायच्या प्रोग्रामच्या वह्या येऊ लागल्या.

आता महाराष्ट्रात हा खेळ ईमेलपेक्षा व्हॉट्सॲपवर जास्त दिसतो. लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलान म्हणून एपीके फाइल येते, म्हणजे चक्क अँड्रॉइडचं ॲप. इथे शेपूट लपवलेलंही नसतं. नावाच्या शेवटी एपीके असं ढळढळीत दिसतं, शिवाय अनोळखी ठिकाणचं ॲप घालू का, असं फोन विचारतोही. पण समोरचा पत्रिका बघायला निघालेला असतो. तो ‘हो’ म्हणतो, पाठोपाठ एसएमएस वाचायची परवानगी देतो, आणि त्यानंतर बँकेचा ओटीपी आधी चोराच्या हाती पडतो.