मडका सिंचन

मडका सिंचन : (घट सिंचन, मटका सिंचन). झिलई न दिलेले, भाजलेल्या मातीचे मडके झाडाजवळ तोंडापर्यंत पुरून त्यात पाणी भरायचे आणि ते मडक्याच्या अंगातून झिरपून मुळांना मिळू द्यायचे, अशी कमी पाण्यात बाग जगवण्याची पद्धत. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण-खटाव पट्टा पर्जन्यछायेत असल्याने तेथे तो 500 मिमी.च्या आसपास वा त्याहून कमी असतो. सांगलीकडील आटपाडी, जत, कवठे महांकाळ हे तालुकेही याच प्रकारचे. नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येऊ लागले, वाडीवस्तीवर टँकर सुरू झाला, की परसातली चार झाडे आणि दोन वेल कसे तगवायचे हा प्रश्न या भागात दर उन्हाळ्यात येतो. तेथे या पद्धतीचे मोल आहे.

पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. सर्वांत जुने स्पष्ट वर्णन चीनमधील फान शंग-च्र याच्या कृषिग्रंथात मिळते. त्याचा काळ साधारणपणे इ. स. पू. पहिल्या शतकाचा उत्तरार्ध मानतात. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यातील उतारे सहाव्या शतकातील एका कृषिसंग्रहात उद्धृत झाल्यामुळे टिकले. वेलफळांच्या खड्ड्याच्या मध्यभागी तीन ‘दौ’ मापाचे मातीचे भांडे त्याचे तोंड जमिनीच्या पातळीत येईल असे पुरावे, चारही बाजूंना एकेक बी लावावे, तोंड कौलाने झाकावे आणि पाणी कमी होताच पुन्हा भरावे, असे त्यात सांगितले आहे. त्या काळचा एक दौ सुमारे 2 लिटरचा धरला, तर हे भांडे 6 लिटरच्या आसपासचे, म्हणजे आपल्याकडील मध्यम मडक्याएवढे होते. ही पद्धत चीनमधून इतरत्र गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. जेथे सच्छिद्र भांडी व कोरडे हवामान एकत्र आले तेथे ती स्वतंत्रपणे सुचली असावी, असे इतरांचे म्हणणे आहे. पाण्याने भरलेल्या मडक्याभोवतीची माती ओली राहते, हे माठाखालची जमीन पाहणाऱ्या कोणालाही कळण्यासारखे असल्याने दुसरे मत अधिक पटते.

महाराष्ट्रात या पद्धतीचा संबंध कधीकधी गलंतीशी जोडतात. वैशाखात शिवलिंगावर किंवा तुळशीवर बुडाला बारीक भोक पाडलेले पाण्याचे भांडे टांगतात, ती गलंती. ऐन उन्हाळ्यात तुळशीला थेंबथेंब पाणी देण्याची ही चाल सुंदर आहे आणि पाणी जपण्याची दृष्टी तिच्यात निश्चित आहे. तथापि यंत्रणा वेगळी. गलंतीतून पाणी भोकावाटे, स्वतःच्या वजनाने आणि वरून पडते. मातीला त्याची गरज आहे की नाही याच्याशी त्या थेंबाचा संबंध नसतो. म्हणून गलंती ठिबक सिंचनाच्या जवळची मानावी, मडका सिंचनाची पूर्वज नव्हे.

साताऱ्याकडील बागाईत मोट आणि पाटावर वाढली. सातारा तालुक्यातील लिंब येथील बारा मोटांची विहीर हे याचे मोठे उदाहरण असून, तिचे पाणी आमराईसाठी वापरले जाई असे सांगतात. विहिरीच्या बांधकामाची वर्षे 1641 ते 1646 अशी पुष्कळ ठिकाणी इसवी सन समजून छापली जातात. ती शकवर्षे आहेत, म्हणजे काळ इ. स. 1719 ते 1724 असा येतो. विहीर बांधवणाऱ्या वीरूबाई या छत्रपती शाहूंच्या परिवारातील. शाहूंचा जन्मच 1682 चा असल्याने आधीचा काळ संभवत नाही. पाटाने झाडाला पाणी द्यायचे तर वाटेतली सगळी माती आधी भिजते. विहिरीला भरपूर पाणी होते तोवर ते चालले.

आधुनिक संशोधनात 1970 च्या दशकात कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत आर. सी. मंडल यांनी केलेले काम पायाभूत मानतात. मडक्याभोवतीची माती सतत ओलसर राहत असल्याने काहीशा खाऱ्या पाण्यावरही भाजीपाला घेता येतो, हे त्यातून पुढे आले. माणदेशातील अनेक बोअरचे पाणी जड असते, म्हणून ही बाब या भागासाठी महत्त्वाची आहे.

झिरपण्याची क्रिया अशी : भाजलेल्या मातीत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. बाहेरची माती सुकली की तिचा ताण वाढतो व ती भिंतीतून पाणी ओढते. माती ओली झाली की ओढ मंदावते आणि झिरपही घटतो. त्यामुळे मडके झाडाच्या गरजेप्रमाणे पाणी सोडते, असे म्हणता येते. पृष्ठभाग कोरडा राहिल्याने बाष्पीभवन कमी होते, तणही कमी उगवते. मुळे काही आठवड्यांत मडक्याला वेढा घालतात.

या पद्धतीचे यश मुख्यतः मडक्यावर अवलंबून आहे आणि नेमके याकडेच दुर्लक्ष होते. कुंभार चिखलात घोड्याची लीद, राख किंवा भुसा मिसळतो. आव्यात (कुंभाराच्या भट्टीत) हा माल जळून जातो व त्याच्या जागी छिद्रे राहतात. मिश्रण कमी पडले किंवा भाजणी फार कडक झाली, तर मडके पाणी धरून ठेवते. उलट कच्चे मडके जमिनीत विरघळू लागते. रंग दिलेली, चकचकीत मडकी निरुपयोगी. मडके भरून सावलीत ठेवावे. काही तासांत सर्वांगाला एकसारखा घाम आला तर ते पुरायला योग्य. जुना, पाझरणे बंद झालेला माठ पुरण्याचा मोह होतो, पण त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. अशा माठाला तळाशी भोक पाडून त्यात सुती चिंधीची किंवा सुतळीची वात घालतात. त्याने नवे लावलेले सीताफळ वा लिंबाचे रोप जगते, मात्र झिरप मातीच्या ओढीपेक्षा वातीच्या घट्टपणावर ठरतो.

मडक्याची मान जमिनीवर बोटभर ठेवतात, म्हणजे माती आत पडत नाही. उघड्या भागाला चुना लावला तर ऊन कमी शोषले जाते. तोंडावर परळ (मातीची पसरट थाळी) ठेवून खाली फडके बांधावे, अन्यथा डासांची पैदास होते. पाणी निम्म्यावर येण्याआधी पुन्हा भरावे. पातळी उतरली की भिजणारी भिंत कमी होते आणि वरच्या थरातील मुळे उपाशी राहतात. माणच्या माळावरील मुरमाड जमिनीत मडके वर्षानुवर्षे टिकते, पण ओल फार लांब पसरत नाही, म्हणून दोडका, कारले, भोपळा यांचे बी मडक्याला लागूनच टोकावे. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत ओल लांब जाते. तेथे उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि पावसात फुगते, त्यात मडकी फुटतात. खड्ड्यात भोवतीने पोयटा व शेणखत भरल्यास हा धोका कमी होतो. वरून उसाचे पाचट अंथरणे सर्वच जमिनींत हिताचे. कराड-वाळवा भागात ते मुबलक असते आणि अजूनही कित्येक ठिकाणी फडातच पेटवले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

ओलीच्या कडेला, म्हणजे मडक्यापासून काही अंतरावर, पांढरे क्षार साचतात. ते पावसाळ्यात धुऊन जातात. पाऊस चुकलेल्या वर्षी वरचा थर खरवडून काढावा. मडक्यात धुण्याभांड्यांचे साबणाचे पाणी ओतू नये, कारण त्यातील तेलकटपणा व चिकटा छिद्रांत बसतो. त्या पाण्यासाठी मोरीच्या तोंडाशी केळ, अळू आणि कर्दळ लावण्याची घरोघरची जुनी रीत आहे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी फडक्यातून गाळून मडक्यात चालते.