चोथ्यातला खड्डा आणि छिद्रांची चकती

फोंड्यात आमच्या घरी सकाळची कॉफी पितळेच्या दोन डब्यांच्या फिल्टरमध्ये उतरते. मध्यंतरी ती पाणचटही लागू लागली आणि कडूही, म्हणून एकदा वरचा डबा ताटलीत उपडा करून चोथा नीट पाहिला. मधोमध अंगठा मावेल एवढा खड्डा पडला होता आणि कडेची पूड बोटाने फोडली तर आतून चक्क कोरडी होती.

किटलीची धार एकाच जागी पडली की तिथली पूड बाजूला सरते आणि मागून येणारे पाणीही त्याच मोकळ्या वाटेने निघून जाते. कॉफीतले आंबट आणि गोडसर अंश लवकर विरघळतात, कडवट अंश सावकाश. त्यामुळे खड्ड्याभोवतालच्या पुडीचा कडवटपणासुद्धा निथळून येतो, तर कडेची पूड जवळपास काहीच देत नाही, आणि पेल्यात दोन्ही दोष एकत्र येतात. वाळूच्या थरातून पाणी कोणत्या नियमाने झिरपते, हे फ्रेंच अभियंता ऑन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये मांडले. कॉफीच्या पुडीलाही तोच नियम लागू पडतो. कण निम्म्या आकाराचे झाले, तर प्रवाह साधारण चौथाईवर येतो; म्हणूनच आपल्याकडे पावसाळ्यातल्या दमट हवेने पुडीत गुठळ्या झाल्या की पाणी हमखास वाट चुकते.

फिल्टरसोबत मिळणारी दांड्याची चकती पूड दाबण्यासाठी असते. मला पाणी पसरवणारी चकती हवी होती, म्हणून डब्याच्या काठावर तीन आकड्यांनी टांगता येईल आणि पुडीपासून बोटभर वर राहील, अशी एक चकती स्टीलच्या पत्र्यातून कापून घेतली. पहिल्या चकतीची छिद्रे १ मिलिमीटरची होती आणि पाणी तिच्यावर साचून राहिले. पृष्ठताणामुळे एवढे छिद्र गरम पाण्याचा दोन-अडीच सेंटिमीटर उंचीचा थर तोलून धरू शकते; छिद्र २ मिलिमीटरचे केले की ती उंची निम्मी होते. दुसरी चूक मांडणीची होती. प्रत्येक वलयात मी सारखीच आठ छिद्रे पाडली होती, आणि वर्तुळाचे जवळपास निम्मे क्षेत्रफळ त्रिज्येच्या बाहेरच्या तीन-दशांश पट्ट्यात असते. तेव्हा निम्मी छिद्रेही त्याच पट्ट्यात हवीत.

पुडीखाली मी कागदाची एक गोल चकतीही घालतो. १९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी पितळी भांड्याला खिळ्याने भोके पाडून आत मुलाच्या वहीतला टिपकागद घातला, त्याच युक्तीचा हा धागा. कागद बारीक गाळ अडवतोच, शिवाय कोलेस्टेरॉल वाढवणारे कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्यही बरेचसे रोखतो.

आता थोडेसे गरम पाणी घालून अर्धा मिनिट थांबतो, ताज्या पुडीतला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी निघून जाऊ देतो आणि मग उरलेले पाणी ओततो. चोथा सपाट निघतो. बाहेरची छिद्रे अगदी काठाला नेली, तर पाणी पुडीत न शिरता भिंतीवरून खाली घसरते, हेही पाहिले. म्हणून शेवटची ओळ भिंतीपासून ५ मिलिमीटर आत ठेवली आहे.