नॉर्मल फेज की रिव्हर्स फेज? हळदीलाच विचारा

बेळगावातल्या आमच्या लॅबमध्ये एचपीएलसीवर, म्हणजे भुकटी भरलेल्या नळीतून (कॉलमातून) द्रावक सोडून मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या मशिनवर, बसलेलं नवं पोरगं हमखास या दोन पद्धतींच्या नावांपाशीच अडखळतं. नॉर्मल फेज म्हणजे रोजची आणि रिव्हर्स म्हणजे क्वचितची, असं त्याला नावावरून वाटतं. प्रत्यक्षात औषधांच्या तपासणीचं बहुतेक काम रिव्हर्सवर चालतं.

नाव पडलं ते कोण आधी आलं यावरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेतने पानांतले रंग खडूच्या भुकटीतून पेट्रोलियम ईथर सोडून वेगळे केले. भुकटी ध्रुवीय, म्हणजे पाण्याच्या जातीची; ईथर अध्रुवीय, म्हणजे तेलाच्या जातीचा. 1950 साली हॉवर्ड आणि मार्टिन या संशोधकांनी ही जोडी उलटी लावली, म्हणून ती 'रिव्हर्स'.

नियम दोन्हीकडे एकच. गणपत गल्लीत गर्दीतून चालताना आपल्या गावचं माणूस दिसलं की पाय थांबतो, बाकीचे पुढे सरकतात. नॉर्मलमध्ये कॉलमात नुसती सिलिका असते आणि तिच्यातून हेक्झेनसारखं द्रावक वाहतं. सिलिकेवरचे ओएच गट ध्रुवीय रेणूंना धरून ठेवतात, म्हणून ते उशिरा येतात. रिव्हर्समध्ये त्याच सिलिकेवर अठरा कार्बनच्या तेलकट शेपट्या बसवलेल्या असतात. हाच आपला सी-18 कॉलम. त्यातून पाणी आणि मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल वाहतं. आता अडकतात तेलकट रेणू.

हे पाठ केलं की परीक्षेत नेमकं उलटं लिहिलं जातं. त्यापेक्षा हळद घ्यावी. चिकोडीकडच्या एका पोराने घरची हळद पुडीत बांधून आणली होती. चिमूटभर मिथेनॉलमध्ये हलवली, गाळली आणि सी-18 वर 425 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला लावली. हळदीतली तीन पिवळी रंगद्रव्यं ओळीने आली: आधी बिसडेमेथॉक्सीकर्क्युमिन, मग डेमेथॉक्सीकर्क्युमिन, शेवटी सगळ्यांत उंच पीक, म्हणजे आलेखावरचं शिखर, कर्क्युमिनचं. तोच अर्क सिलिकेचा पातळ थर दिलेल्या टीएलसी प्लेटवर, म्हणजे नॉर्मल फेजवर, चढवला तर कर्क्युमिनचा पिवळा ठिपका सगळ्यांच्या पुढे! त्याचे दोन मेथॉक्सी गट शेजारच्या ओएचना आतल्या आत गुंतवून ठेवतात, मग सिलिकेच्या हाताला फारसं काही लागत नाही.

पीक एकमेकांवर चढत असतील तर रिव्हर्समध्ये पाणी वाढवायचं, नॉर्मलमध्ये हेक्झेन.

नॉर्मलची खोड आमच्याकडे पावसाळ्यात कळते. उघडी सिलिका ओल धरते, ओलसर सिलिकेची पकड सुटते आणि सकाळी आठ मिनिटांना आलेलं पीक दुपारी आधीच हजर. बेळगावच्या आषाढात हे काम मी तरी अंगावर घेत नाही. औषधांचे आरसा-रूप जोडीदार, म्हणजे डाव्या-उजव्या हातासारखे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले रेणू, वेगळे करायचे असले तर गोष्ट निराळी.

आणि एकाच मशिनवर दोन्ही लावायचे असतील तर मध्ये आयसोप्रोपेनॉल फिरवा. एकदा घाईत मी ते टाळलं. नळीत हेक्झेन होतं, वरून पाणी आलं, दोघं मिसळेनात आणि आलेखाची तळरेषा, म्हणजे बेसलाइन, संध्याकाळपर्यंत नाचत राहिली.