फोनवरून जाणारा मेल नेमका कुठे अडवायचा?

घाईत मेल लिहायला घेतला, नावाची पहिली दोन अक्षरं टाकली, पुढचं नाव फोनने स्वतःच भरलं आणि ग्राहकांच्या कार्ड नंबरांची अख्खी शीट भलत्याच माणसाला गेली. डेटा बाहेर जातो तो पुष्कळदा असा, त्यात हॅकर वगैरे कुणी नसतो. फोनवर तर समोरच्याचा पूर्ण पत्तासुद्धा पटकन दिसत नाही, नुसतं नाव दिसतं, त्यामुळे चूक व्हायची शक्यता आणखी वाढते.

यासाठीच मेलवर डीएलपीचे, म्हणजे डेटा लॉस प्रिव्हेन्शनचे, रूल लावतात. रूलमध्ये तीन गोष्टी सांगायच्या असतात, काय शोधायचं, मेल कुणाकडे चाललाय आणि सापडलं तर काय करायचं. ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्याच गोष्टीत सगळा जीव अडकलेला आहे, कारण मशीनला "हा कार्ड नंबर आहे" हे कळणार कसं? सोळा आकडे दिसले की अडव असा रूल लिहिला तर ऑर्डर नंबर, ट्रॅकिंग नंबर, बिलांचे नंबर सगळंच अडकतं आणि दोन दिवसांत लोक वैतागून रूल बंद करा म्हणतात (आणि त्यांचं चुकत नाही).

इथे एक जुनं गणित कामाला येतं. आयबीएममधले इंजिनियर हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये पेटंट मिळालं. उजवीकडचा शेवटचा आकडा तसाच ठेवायचा, त्याच्या शेजारचा दुप्पट करायचा, मग एक सोडून एक असं डावीकडे जात राहायचं, दुप्पट करून ९ पेक्षा मोठी संख्या आली तर त्यातून ९ वजा करायचे आणि शेवटी सगळ्याची बेरीज करायची. बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला तर तो कार्ड नंबर असू शकतो. टेस्टिंगला सर्रास वापरतात तो ४१११ ११११ ११११ ११११ हा नंबर घ्या, ४ चे होतात ८, सात एक दुप्पट होऊन १४, उरलेले आठ एक तसेच म्हणजे ८, एकूण ३०, झालं, भाग गेला. यातला कुठलाही एक आकडा बदला, बेरीज लगेच बिघडते. मला हे फार सुंदर वाटतं, कागदावर दोन मिनिटांत होणारी बेरीज आज रोजच्या मेलवर पहारा देतेय.

पण नुसत्या लूनवर भागत नाही. कुठलेही सोळा आकडे घेतले तरी दहातला एक नंबर योगायोगाने पास होतोच. म्हणून आजूबाजूचे शब्द बघायचे, नंबरजवळ "कार्ड", "एक्सपायरी", "सीव्हीव्ही" असं काही आहे का? मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिममध्ये कार्ड नंबरसाठी ही आजूबाजूची हद्द ३०० अक्षरांची असते. आणि संख्यापण बघायची, एकच नंबर असेल तर पाठवणाऱ्याला नुसती सूचना द्या, दहा किंवा जास्त असतील तर मेल सरळ अडवा.

आता मोबाईलचा मुद्दा, आणि इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. फोनसाठी वेगळा रूल लागतो असं वाटतं पण मेल फोनमधून थेट समोरच्याकडे जात नाही, तो आधी आपल्या मेल सर्व्हरकडे जातो. त्यामुळे शोधायचा रूल सर्व्हरवरच हवा, मग ॲप कुठलंही असो, फोन कुणाचाही असो. फरक पडतो तो सूचनेत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहितानाच वर पट्टी येते की यात कार्ड नंबर दिसतोय, फोनसोबत आलेल्या साध्या मेल ॲपमध्ये तशी पट्टी येत नाही, मेल परत आल्यावरच माणसाला कळतं. म्हणून परत येणाऱ्या मेलचा मजकूर नीट लिहा, काय सापडलं, आता काय करायचं, कुणाला विचारायचं, सगळं साध्या भाषेत. "पॉलिसी व्हायोलेशन" एवढंच वाचलेला माणूस तोच मजकूर दुसऱ्या चॅट ॲपवरून पाठवून मोकळा होतो.

आणि त्या चॅट ॲपकडे सर्व्हरची नजर पोचत नाही. फोनवर उतरलेल्या अटॅचमेंटचं पुढे काय होतं ते फोनवरच सांभाळावं लागतं. आयफोनमध्ये २०१३ च्या आयओएस ७ पासून कामाच्या ॲपमधली फाईल खाजगी ॲपमध्ये उघडू न देण्याची सोय आहे, अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या ५.० पासून वर्क प्रोफाईल आहे, म्हणजे एकाच फोनमध्ये दोन कप्पे. कॉपी-पेस्ट कामाच्या ॲपपुरतं ठेवता येतं आणि फोन हरवला तर फक्त कामाचा कप्पा लांबून पुसता येतो, घरचे फोटो जागेवर राहतात. ही शेवटची गोष्ट लोकांना आधी सांगा, नाहीतर आपल्या फोनमध्ये ऑफिसला शिरू द्यायला कुणीच तयार होत नाही, आणि ती भीती अगदी रास्त आहे. दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढला तर मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही.

रूल लावल्या लावल्या अडवायला सुरुवात करू नका. आधी काही आठवडे टेस्ट मोडवर ठेवा, मेल जाऊ द्या, फक्त नोंद घ्या, आणि कुठले मेल उगाच पकडले जातायत ते रोज बसून बघा. आणि स्वतःच्या फोनवरून करून बघा, वरची बेरीज जुळवून एक खोटा नंबर बनवा, काही सिस्टिम ठरलेले टेस्ट नंबर मुद्दाम सोडून देतात म्हणून स्वतः बनवलेलाच बरा, शेजारी "कार्ड" आणि "एक्सपायरी" लिहा आणि आपल्याच खाजगी पत्त्यावर पाठवा. मग शेवटचा एक आकडा बदलून परत पाठवा. पहिला नोंदीत दिसला आणि दुसरा गुपचूप निघून गेला तर रूल बरोबर बसलाय.