निन्टेन्डो स्विच: घरातला कन्सोल आणि हातातला कन्सोल एक झाले त्याची पार्श्वभूमी

निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या स्विच या व्हिडिओ गेम कन्सोलची मुळं १९८९च्या गेमबॉय या तिच्याच हातातल्या कन्सोलपर्यंत नेता येतात, पण या यंत्राला जन्म दिला तो २०१२च्या अपयशाने. त्या वर्षी आलेल्या ‘वी यू’ या घरगुती कन्सोलच्या कंट्रोलरलाच पडदा होता. घरच्यांना टीव्ही हवा असेल, तर खेळ हातात चालू ठेवता यायचा. पण सगळी प्रक्रिया टीव्हीजवळच्या खोक्यात होत असल्याने दोन खोल्या ओलांडल्या की चित्र तुटायचं. त्याच्या आधीचा ‘वी’ दहा कोटींवर खपला होता; ‘वी यू’ १.३६ कोटींवर अडकला.

२०१३मध्ये कंपनीने घरगुती आणि हातातल्या यंत्रांचे हार्डवेअर विभाग एकत्र केले. ३ मार्च २०१७ला त्याचं फळ बाजारात आलं: ६.२ इंची पडदा, दोन्ही बाजूंना सरकवून बसवायचे कंट्रोलर. टीव्हीला जोडलेल्या डॉकमधून, म्हणजे यंत्र ठेवायच्या खाचेतून, उचललं की टीव्हीवरचा खेळ क्षणात हातातल्या पडद्यावर येतो. एक कंट्रोलर सोबत्याच्या हातात दिला की दोघांचा डाव सुरू.

एवढं करूनही हे यंत्र हातातल्या कन्सोलची जागा घेणार, हे मान्य करायला कंपनी तयार नव्हती. स्विच हा मुळात घरगुती कन्सोल आहे, थ्रीडीएस हा कंपनीचा हातातला कन्सोल वेगळा चालू राहील, असंच सांगितलं जात होतं. जुलै २०१७मध्ये, म्हणजे स्विचनंतर चार महिन्यांनी, थ्रीडीएसच्याच कुटुंबातलं नवं मॉडेल विक्रीला आलं. ‘वी यू’चा फटका ताजा असताना हात राखून खेळणं समजण्यासारखं आहे. पण पहिल्याच वर्षात स्विचने ‘वी यू’ची एकूण विक्री मागे टाकली, तेव्हा हा सावधपणा सोडायला हवा होता. खेळणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. नोव्हेंबर २०१७चा मोठा पोकेमॉन खेळ थ्रीडीएस या जुन्याच यंत्रावर आला. नव्या पिढीचा पोकेमॉन स्विचवर यायला नोव्हेंबर २०१९ उजाडला. त्याच्या दोन महिने आधी आलेला स्विच लाइट टीव्हीला जोडताच येत नव्हता. असा निव्वळ हातातला स्विच आल्यावर थ्रीडीएसची गरज उरली नाही. त्याचं उत्पादन २०२०मध्ये थांबलं.

चिप कमकुवत असल्याची टीकाही सुरुवातीपासून झाली, आणि ती खरीच होती. पण बॅटरी अडीच ते साडेसहा तास टिकवायची, तर ताकदीला कात्री लागणारच.

सांस्कृतिक प्रभाव म्हणून ज्याकडे बोट दाखवलं जातं, तो बराचसा २०२०चा. टाळेबंदी सुरू होत असतानाच, २० मार्चला, ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या बेटावर वस्ती सजवायच्या खेळाचा नवा भाग आला. लोकांनी त्यातल्या बेटांवर लग्नं लावली, संग्रहालयांनी आपली चित्रं तिथे टांगण्याची सोय केली, हाँगकाँगच्या आंदोलकांनी फलक लावले, आणि अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीचा प्रचारही तिथे पोहोचला. भारतात मात्र स्विच अधिकृतपणे आलाच नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानांत मिळाला तो आयात केलेला माल, कंपनीच्या वॉरंटीविना.

याच यंत्राची ठसठस म्हणजे कंट्रोलरवरच्या दिशा देणाऱ्या काडीचा ‘ड्रिफ्ट’: हात न लावता पात्र एका बाजूला सरकत राहतं. २०१९मध्ये अमेरिकेत त्यावरून सामूहिक दावा दाखल झाला. पंधरा कोटींहून अधिक यंत्रं विकणाऱ्या कंपनीने हा दोष मुळातून काढायला हवा होता. जून २०२५मध्ये स्विच २ आला आणि चार दिवसांत ३५ लाखांवर खपला. कंट्रोलर आता चुंबकाने चिकटतात, पण ड्रिफ्ट टाळण्यासाठी अनेकांनी मागितलेली हॉल इफेक्ट काडी, म्हणजे घासणाऱ्या भागांऐवजी चुंबकाने हालचाल टिपणारी काडी, त्यातही नाही.