शेती अनुदान-सुधारणांचा काळ (कोकण)

खते, वीज, फळबाग लागवड, पीक विमा आदींसाठी सरकार देत असलेल्या अर्थसाहाय्याचे दर, अटी किंवा वाटपाची रीत कोणत्या वेळी बदलावी, हा कृषी अर्थकारणातील एक प्रश्न आहे. बदल कोणता करावा यावर पुष्कळ लिहिले जाते. तो केव्हा करावा, याकडे त्या मानाने दुर्लक्ष होते.

बाजारभाव उतरलेले असताना अनुदान काढल्यास झळ कमी बसते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, म्हणजे त्यावरचे अनुदान संपले, ते कच्चे तेल स्वस्त होत असतानाच. राजकीय वेळापत्रक याहून निराळे असते. महाराष्ट्रात एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात आला, कृषिपंपांना मोफत वीज २०२४ या विधानसभा निवडणुकीच्या वर्षी मिळाली आणि विम्याची ती सवलत २०२५ मध्ये, म्हणजे निवडणूक उरकल्यावर, बंद झाली.

कोकण किनारपट्टीवर या दोन्हींखेरीज तिसरे वेळापत्रक चालते. रोहिणीत भाताचा तरवा (रोपे) पेरला जातो, आषाढात लावणी होते, थंडीत हापूस मोहरतो आणि ३१ मार्चला सरकारी वर्ष संपते तेव्हा बागायतदार पेट्या भरण्यात गुंतलेला असतो. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेल्या शंभर टक्के अनुदानाच्या फलोत्पादन कार्यक्रमामुळे येथील वरकस (हलक्या, डोंगरउताराच्या) जमिनीवर आंबा-काजूची मोठी लागवड झाली. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणासाठी क्षेत्रमर्यादा १० हेक्टर ठेवण्यात आली (इतरत्र ती ६ हेक्टर होती) आणि अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के अशा हप्त्यांत, कलमे जगण्याच्या अटीवर, देण्याचे ठरले. कातळात खड्डा फोडून, बाहेरून माती आणून लावलेले हापूसचे कलम पाच-सहा वर्षांनी धरू लागते. तेवढ्यात नियम बदलला, तर खर्च आधीच होऊन गेलेला असतो आणि उत्पन्न अजून लांब असते.

सर्वांत मोठी अडचण सामाईक सातबाऱ्याची आहे. एका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे असणे येथे नवलाचे नाही आणि अनुदानाच्या अर्जाला सहहिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. त्यांतील बरेचजण चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईसारख्या शहरात राहणारे, असल्याने सह्या मिळतात त्या गणपतीत, शिमग्याला किंवा मे महिन्यात. मुदत जुलैअखेरची असेल, तर भरलेला अर्ज सह्यांवाचून घरातच पडून राहतो. राज्याने कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून अनिवार्य केला. चाकरमान्यांसाठी ती वेळ वाईट नव्हती, कारण मे तोंडावर होता. बागेत मात्र तेव्हा आंब्याची काढणी ऐन भरात होती.